हरण्याचं जाकीट

चहा आधी संपवा. ऐकता ऐकता घेतलात तर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. हा मूर्खपणा मी स्वतःच सांगतेय, कारण मी नाही सांगितला तर आमची पिंपळवंडी सांगणारच आहे, वर चार शब्द पदरचे घालून.

तर आमच्याकडे एक बोकड होता, हरण्या. अंगानं तांबूस, पोटाखाली पांढरा, अगदी हरणासारखा, म्हणून नाव हरण्या. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. सगळी आळी त्याला नावानं ओळखायची. पण होता नवसाचा. यात्रेला कापला. मी रडले, आणि मग जेवलेही. काय करणार, रस्सा चांगला झाला होता!

एरवी कातडं जुन्नरच्या बाजारात जातं. ह्या वेळी माझं मन होईना. मी शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको वगैरे. म्हटलं, आठवण म्हणून ह्याचंच काहीतरी शिवू. फोनवर व्हिडिओ बघितला आणि झाले की मी चांभार! मीठ चोळलं, खरवडलं. माहेर माझं तळेघरचं, तिथून भावानं हिरडा पाठवला. हिरडा आणि बाभळीची साल उकळून त्या काढ्यात कातडं मुरवलं. केस तेवढे राखले, रंग फार देखणा होता हो. मशीनच्या सुया मोडल्या तेव्हा दाभणानं टाके घातले. पुढून हरण्या, पाठीला अस्तराचं कापड, असं झकास बिनबाह्यांचं जाकीट तयार झालं.

ते घालायचं कोणी? तर आमच्या लेकीचं, आरतीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा आंबेगाव तालुक्यातला, अक्षय. शांत, सरळ, आणि नोकरी कुठली? फॉरेस्टात गार्ड. आता तुम्ही हसताय. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

सुपारी फोडायचा दिवस. ताटात सुपारी, पानं, हळदकुंकू, सगळं मांडलेलं. पाहुणे टेकलेले. हे स्थळ ज्यांनी आणलं ते मुलाचे मामा, आमच्याच गावातले, मधोमध बसलेले. म्हटलं, सुपारी फुटायच्या आधीच जावयाला आपल्या हातची वस्तू द्यावी. जाकीट काढलं आणि भरल्या घरात म्हणाले, "घ्या, हरण्याच्या कातड्याचं हाय. मी सोता कमावलंय."

बोलले मी "हरण्याच्या". पण आमच्या तोंडात तो "ण्या" कितीसा उमटतो! अक्षयनं जाकिटावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे कुठं मिळालं?"

"मिळतंय कुठलं? घरीच कापला. ह्यांनीच धरला, दोघं लागले मदतीला. लई ताकद व्हती त्याच्यात."

त्यानं विचारलं, अजून कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, अख्ख्या आळीनं खाल्लाय, तुमच्या मामांना तर डबा भरून दिला होता. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. अक्षयनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना घाम फुटला. हळूच म्हणतात कसे, "मला चव जरा येगळी लागली व्हती खरी."

वेगळी? माझ्या रश्श्याला? मी मनातून चिडले, पण वेळ कुठली होती! बघते तर पाहुण्यांकडचे सगळेच एकमेकांकडे बघतायत. मला वाटलं, एकट्या मुलाला दिलं आणि त्याच्या वडिलांना काहीच नाही, म्हणून मानपान दुखावला. मग मी सावरून घेतलं. असं सावरलं की विचारू नका.

"व्याह्यांनाबी शिवते की! अजून दोन बांधलेत मागं. दिवाळीला कापू."

अक्षय उठला. जाकीट नीट घडी करून त्यानं माझ्या हातात दिलं. डोळे खाली होते त्याचे. म्हणाला, "मावशी, आरती मला पसंत हाय. पण हे मला सायबांना सांगावं लागंल. न्हाई सांगितलं तर उद्या कोणच्या तोंडानं नोकरी करू?"

दारात आरती उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. ताटातली सुपारी तशीच. पोरीचं ठरत आलेलं लग्न माझ्या हातानं मोडत होतं आणि का मोडतंय तेच मला कळत नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, "बोकड कापला म्हणून सायबाला सांगायचं?"

"बोकड?"

"मग काय हत्ती? आमचा हरण्या!"

घरात जे हसू फुटलं ते शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं असेल. मामा सगळ्यांत जोरात हसले आणि लगेच म्हणाले की रस्सा फक्कड होता. सुपारी फुटली. मी मात्र आत चुलीपाशी जाऊन पदरात तोंड लपवून बसले. शेवटी आरतीनं ओढून बाहेर आणलं, कारण अक्षयनं जाकीट अंगात घातलं होतं आणि फोटो काढायचा होता. फोटोत त्याचे डोळे पाण्यानं भरलेले. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, जावई गहिवरले!

इथं थांबले असते तर शहाणी ठरले असते.

पण कौतुक मावेना ना! नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मला टाइप करता येत नाही, मी फोनशी बोलते आणि तो लिहितो. मी बोलले, "आमचे जावई, हरण्याच्या कातड्याच्या जाकिटात." फोननं काय लिहावं? "हरणाच्या." वाचून बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंय? तिथून तो फोटो कुठं कुठं फिरला देव जाणे. दुसऱ्या दिवशी अक्षयचा फोन. साहेबांनी बोलावलंय, जाकीट घेऊन या. आणि वर म्हणाला, "मावशी, तिथं तुमी काय बोलू नका. आरतीला बोलू द्या."

जुन्नरला साहेबांसमोर मी तोंड शिवून उभी राहिले. आरतीनं सगळं सांगितलं. साहेबांनी जाकीट उचलून नाकाजवळ नेलं आणि तितक्याच घाईनं टेबलाच्या पार टोकाला ढकललं. खिडकी उघडायला लावली. बोकडाचा उग्र वास तो, हिरड्यानं थोडाच जातोय! घरात माझं नाक सरावलेलं.

साहेब म्हणाले, "बोकडच आहे, शंका नाही. गुन्हा काही झालेला नाही. पण हे पुन्हा कोणाच्या अंगात घातलंत, तर मात्र मी गुन्हा नोंदवीन."

बाहेर आल्यावर मी अक्षयला म्हटलं, "म्हंजे त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते..."

त्यानं आरतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गहिवरलोच व्हतो, मावशी," म्हणाला.

आणि खरं सांगते, मी विश्वास ठेवणारच होते, पण शेजारी आरती हसता हसता पायरीवर खालीच बसली.