मागांच्या वरचा आवाज

अकोल्यात बंद पडलेल्या कापड गिरणीच्या फाटकासमोर एक म्हातारा फुटाणे विकायचा. मी रोज तिथून ऑटो पकडायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. त्याचं 'गरमागरम!' ऐकून रस्त्यापलीकडचा सायकलवाला ब्रेक दाबायचा. पुडी हातात देतानाही तो ओरडूनच बोलायचा आणि आपण बोललो की आपल्या ओठांकडे बघायचा.

एका सकाळी माझं डोकं ठणकत होतं. "चाचा, मी इथंच उभा हाये. हळू बोला ना," मी तोडून म्हणालो.

त्यानं फाटकामागच्या दगडी इमारतीकडे बोट केलं. भिंतीत पिंपळ उगवला होता.

"उमर गेली तिथं माग चालवून. सारे माग एकदम धडधडत. हळू बोलनाऱ्याचं कोन ऐकते?"

तेवढ्यात कापसाचा ट्रक गुजरातकडे गेला. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या कापसाला इथं कोणी विचारत नव्हतं. ट्रक दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला.

"याचंच कापड करत होतो आमी. या हातानं."

"पन चाचा, गिरनी तं कधीचीच बंद झाली."

"माग बंद केले त्यायनं," तो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "मले आवाज कमी कराले कोनी नाही सांगतलं!"

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यापलीकडूनच ओरडलो, "चाचा, एक पुडी!"