वाटणीतली कुडी

कर्जतच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला, आणि त्यात माझा सगळ्यात आवडता तास कोहिनूरचा. पोरं जागी असायची हे एक कारण. दुसरं कारण माझ्या स्वभावात आहे. या हिऱ्याच्या गोष्टीत सरळ माणूस औषधाला सापडत नाही. गोवळकोंड्याकडच्या कुठल्याशा खाणीत निघाला म्हणतात, तेही म्हणतातच. इराणच्या शहाने दिल्ली लुटली, पण हिरा काही मिळेना. बादशहाने तो पगडीत लपवलाय अशी कुणीतरी चुगली केली. मग शहाने भर दरबारात ‘आजपासून आपण भाऊ’ म्हणत त्याच्याशी पगडीच बदलली म्हणे. पुढे तो अफगाणांकडे गेला, तिथून पंजाबच्या महाराजाच्या दंडावर, बाजूबंदात, दोन अंगांना दोन धाकटे हिरे घेऊन. शेवटी दहा-अकरा वर्षांच्या पोर राजाची सही घेऊन इंग्रजांनी तो आपल्या राणीला ‘भेट’ म्हणून पाठवला. ‘भेट’ हा शब्द मी फळ्यावर लिहायची आणि विचारायची, हे काय आहे? अख्खा वर्ग ओरडायचा, चोरी. मी खूश.

लंडनमधला किस्सा मी मुद्दाम शेवटाला ठेवायची. तिथे मोठ्या प्रदर्शनात हिरा पिंजऱ्यात मांडला, लोकांनी रांगा लावल्या आणि बघून नाकं मुरडली. हा कसला हिरा, ही तर काच! दिवे लावून पाहिले, तरी चमकेना. मग पैलू पाडायला बसवला, आणि घासून घासून त्याचं जवळजवळ निम्मं वजन घालवलं. आता तो राणीच्या मुकुटात आहे. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, बाई, मग परत कधी देणार? मी म्हणायची, पगडी बदलणारी माणसं परत देत नसतात. एवढं शिकवून मी शहाणी झाले असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढचं ऐकावं.

माझं सासर खालापूर तालुक्यात, साजगावच्या पलीकडे. भातशेतीचं घर, दागिन्यांत फार काही नाही, पण हिऱ्याच्या कुड्यांची एक जोडी होती. भोवती मोती, मधे हरभऱ्याच्या डाळीएवढा एकेक हिरा. सासरे सांगायचे, त्यांचे पणजोबा एका संस्थानिकाच्या पागेत होते, त्यांनी उधळलेला घोडा आवरून राणीचा जीव वाचवला आणि राणीने कानातल्या कुड्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. रंगात आले की हे हिरे कोहिनूरच्या भावकीतले आहेत असंही म्हणायचे. मी नवी नवरी होते, तरी मनात पाल चुकचुकलीच. घोडेवाल्याला राणी स्वतःच्या कानातलं कशाला देईल? आणि दिलं असेल, तर तेव्हा आजूबाजूला दुसरं कुणी कसं नव्हतं? एकदा हे मी नवऱ्याजवळ बोलून दाखवलं. त्यांनी मला, निदान बाबांसमोर तरी तपासणी लावू नकोस, एवढंच सांगितलं.

सासूबाई मात्र माझ्याहून पक्क्या निघाल्या. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघी जावांना बोलावलं, मला आणि माझ्या थोरल्या जावेला, अक्काला. एक कुडी अक्काच्या हातावर ठेवली, एक माझ्या. एका कुडीचा उपयोग काय असं मी विचारलं, तर म्हणाल्या, लग्नकार्य निघालं की मागायला जायचं. ज्या घरी लग्न, त्या घरी जोडी. अक्का गावी शेत सांभाळणारी, मी कर्जतला नोकरीवाली. त्यामुळे एरवी आमचं येणं-जाणं बेतानंच होतं, पण कुडीसाठी म्हणून तीन-चारदा तरी आम्ही एकमेकींच्या दारात गेलो. गेलं की जेवल्याशिवाय निघायचं नाही असा नेमच पडून गेला होता.

सहा वर्षांपूर्वी अक्काच्या मुलाचं लग्न निघालं आणि ती माझी कुडी मागायला आली. मी देते म्हटलं, पण त्या आधी दोन कामं केली. दोन्ही कुड्या दिसायला सारख्याच, लग्नाच्या गडबडीत अदलाबदल झाली तर? म्हणजे होईलच असं नाही, पण झाली तर? शाळेची कंपासपेटी घरात होतीच. कर्कटकाचं टोक घेतलं आणि कुडीच्या पाठीमागच्या सोन्याच्या पत्र्यावर दाबून एक ठिपका उमटवला. कुणाला कळणार नाही, पण मला कळेल असा. मग ती रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली, ब्रशने घासली, पुसून डबीत भरली. मळकी कुडी पाठवली असं नव्या सुनेच्या माहेरच्यांनी म्हणायला नको. लग्न थाटात झालं. सगळीकडे मी मिरवत होते, सुनेच्या कानाकडे मात्र धड पाहिलं नाही. महिन्याभराने अक्का स्वतः कुडी परत द्यायला आली. हातात देताना म्हणाली, बघून घे गं नीट. मी डबी उघडून ठिपका पाहिला, आहे म्हटलं, आणि कपाटात ठेवून दिली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी अक्काकडे जाऊन कुडी मागितली, पोटभर जेवले, आणि ती घेऊन घरी आले. खिडकीत दोन्ही शेजारी ठेवल्या. तिची लखलखत होती. माझी काळवंडलेली, पाण्याने भरलेल्या काचेसारखी. रिठ्याने पुन्हा धुतली, तर आणखीच मंद झाली. भिंगाखाली धरली. ठिपका जागच्या जागी. म्हणजे कुडी माझीच, हिरा मात्र माझा नाही.

मग माझं डोकं जे धावायला लागलं, ते काही थांबेना. लग्नानंतर महिनाभर कुडी अक्काने ठेवून का घेतली? तिच्या मुलाचा एक मित्र खोपोलीत सोनारकाम करतो, हे मला ठाऊक होतं. नुसता खडा काढायचा, दुसरा बसवायचा, किती वेळ लागतो? आणि ते ‘बघून घे नीट’! देणारा स्वच्छ असेल तर असं म्हणेल कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय, याची मला खात्रीच पटली. नवरा म्हणाला, जुनी वस्तू आहे, होतं असं. मी म्हटलं, मग तिची का नाही झाली? मुलगी म्हणाली, आई, मी साधे झुमके घालते, पण काकूला काही बोलू नकोस. सहा दिवस मी कसेबसे काढले. सातव्या दिवशी अक्काच्या गावी जायला खोपोलीची गाडी पकडली.

अक्का पडवीत वाल सोलत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला, सुनेला चहा टाकायला सांगितला. सून आत जाईपर्यंत मी थांबले, तेवढी माणुसकी राखली.

“अक्का, माझ्या कुडीतला हिरा बदललाय.”

तिचा हात थांबला नाही. “कुणी?”

“सहा वर्षांपूर्वी ती महिनाभर इथेच होती.”

तिने तीन-चार शेंगा सोलल्या. मग, सोनाराला दाखवलीस का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. आधी त्याला दाखव, म्हणाली, आणि सुपात मान घातली. चहा आला, तो मी प्यायले नाही. परतीच्या वाटेवर मला वाटत होतं, बघा कशी नजर चुकवत होती, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

कर्जतच्या बाजारपेठेतले सोनार म्हातारे आहेत, माझ्या सासूबाईंना ओळखणारे. खडा खोटा आहे एवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय, असं मी दुकानात पाऊल टाकतानाच सांगितलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कुडी पुढून पाहिली, मग उलटी केली. मागे हे भोक कुणी पाडलं, असं विचारलं. मी म्हटलं, भोक नाही ते, खूण आहे. कुणी केली? मी. कशाने? कर्कटकाने. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या कामात हिऱ्याची पाठ बंद असते. खाली चांदीचा पातळ वर्ख घालतात, चमक त्या वर्खाची असते. मागचा पत्राही कागदासारखा पातळ. त्याला भोक पडलं आणि वस्तू पाण्यात गेली, तर पाणी आत शिरतं, वर्ख काळा पडतो आणि हिरा आंधळा दिसतो. पाण्यात घातली होती का? रिठ्याच्या, मी म्हटलं. दोनदा.

“हिरा तोच आहे, बाई. त्याला कुणी हात लावलेला नाही.”

त्यांच्याकडे पुष्कळ लोक असे जुने खडे आणतात, चमकत नाहीत म्हणून पैलू पाडून मागतात आणि लहान करून नेतात, असंही ते सांगत होते. मी अठ्ठावीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं. सोनारांकडे बघायची सोय नव्हती, म्हणून मी खाली काउंटरच्या काचेकडे बघत उभी राहिले. दोन दिवसांत त्यांनी पाठ उघडून नवा वर्ख घातला, भोक बुजवलं. कुडी लख्ख झाली.

ती घेऊन मी पुन्हा अक्काकडे गेले. ठिपका, कर्कटक, रिठे, सोनार, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पाया पडायला वाकले, तर तिने मला खांद्याला धरून उठवलं. मग आत जाऊन मुलाच्या लग्नाचा अल्बम आणला आणि एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. सून बोहल्यावर हसत उभी होती. उजव्या कानात उजेड होता, डाव्या कानात काळोख.

“मला तवाच दिसलं,” अक्का म्हणाली. “वाटलं, तू खरा काढून ठेवलास आनि काच पाठवलीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तू परत दारात आली असतीस का गं? मागायला, जेवायला?” तिने अल्बम मिटला. “मी सहा वर्सं गप बसले. तुला सहा दिसांच्या वर नाय जमलं.”

तिच्या आवाजात राग असता तर मी तो झेलला असता. तो नव्हता. ती उठली आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले. पान स्वच्छ केलं.

मुलीच्या लग्नाला अक्का चार दिवस आधी आली. हळद तिने लावली, रुखवत तिने मांडलं, पाठवणीच्या वेळी माझ्याहून जास्त ती रडली. मुलीच्या दोन्ही कानांत सारखा उजेड होता आणि फोटो छान आले. आठवड्याभराने मी तिची कुडी परत द्यायला गेले. तिने डबी हातात घेतली, उघडलीही नाही, आणि माझ्या पिशवीत परत ठेवली.

“ऱ्हाऊ दे तुज्याकडं,” ती म्हणाली. “आता दोन्ही तुज्याच.”

मी पुष्कळ विनवण्या केल्या. ती हसली, चहा दिला, मला रिक्षापर्यंत सोडायला आली. जेवून जा म्हणाली नाही.

मुलगी फोनवर म्हणते, आई, शेवटी जोडी पूर्ण झाली. झाली खरी. कपाटात एकाच डबीत दोन्ही शेजारी आहेत, सारख्याच चमकतात, कुठली कुणाची हे आता मलाही ओळखता येत नाही. अक्काच्या धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. पत्रिका पोस्टाने आली. कुड्या मागायला कुणी आलं नाही.