डावा पाय

नातवाच्या नव्या गाडीत क्लचच नाही. डाव्या पायाला काही कामच उरलेले नाही. काल अंधेरीच्या पुलाच्या चढावर मात्र पुढे एक जुनी मालमोटार अडकली होती. तिच्या जळत्या क्लचचा करपट, उग्र दर्प काचेच्या फटीतून आत शिरला, आणि तत्क्षणी माझ्या डाव्या गुडघ्यावर सत्तर वर्षांपूर्वीचा लोखंडी पाना पुन्हा आदळला.

विलेपार्ल्याला मामांकडे मोटार होती. मामांची दृष्टी मंदावली, तेव्हा ती चालवायला मला त्यांच्या ओळखीच्या एका चालकाने शिकवावे असे ठरले. या चालकाला सारे काका म्हणत; ते मालवणकडचे, गिरणी सोडून मोटारीकडे वळलेले. वाणी तिखट आणि हात त्याहून जड. पहाटे भूमीला पाऊल लागण्याआधी तिची क्षमा मागणारा मी, दसऱ्याला गंधाक्षता वाहिलेल्या त्या यंत्रावर पाय देताना अंग चोरीत असे, आणि दिलेला पाय अपराध्यासारखा झटकन उचलीत असे. गाडी माजलेल्या वळूसारखी उसळे आणि बंद पडे. लगेच पाना गुडघ्यावर बसे.

"अरे भटा, पाय झटकतंस कित्याक? गाडी आसा ती, निखारो नाय!"

"काका, पूजेची वस्तू आहे हो ती."

"मगे पळी-पंचपात्री घे नि घंटा वाजय!"

एका थंड सकाळी इंजिन चालू होईना. मला चालकाच्या जागी बसवून काका इंजिन फिरवायचे हँडल घेऊन गाडीच्या पुढ्यात वाकले. त्यांच्या पाठीशी कुंपणाची दगडी भिंत. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे याचे मला भान नव्हते. क्लच तेवढा दाबलेला होता. इंजिन गर्जले आणि सवयीने माझा पाय उडाला. गाडीने झेप घेतली. वाळकी समिधा मोडावी तसे हाड मोडलेले मी त्या गर्जनेतही ऐकले.

शेजाऱ्यांनी गाडी मागे ढकलून काकांना मागच्या आसनावर आडवे केले. धोतर रक्ताने थबथबलेले, नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आलेले. रुग्णालय रुळांपलीकडे, आणि गाडी चालवू शकणारा मी एकटा. निघतानाच हिसका बसला. "मारतलंस माका, चांडाळा!" ती किंकाळी आजही माझ्या पाठीच्या कण्यात आहे.

पुढे रेल्वेच्या फाटकापाशी, ऐन चढावर थांबावे लागले. फाटक उघडले तेव्हा मी कोणाचीही क्षमा मागितली नाही. क्लचवर पायाचा सारा भार दिला, आणि काठोकाठ भरलेले तीर्थपात्र उचलावे तसा तो तसूतसूने वर आणला. गाडी थरथरली आणि पाण्यावरच्या पानासारखी सरकली. मागून आवाजच आला नाही. मी भयाने मान वळवली.

काकांचा चावलेला ओठ रक्ताळला होता. डोळे मात्र उघडे होते. "मागे काय बघतंस? रस्तो पुढे आसा!"

त्यांचा पाय वाचला, पण आखूड राहिला. लंगडत ते पुन्हा शिकवायला आले. पाना पूर्वीच्याच जोराने बसे, बोलणे तेवढे बदलले होते: "फाटकार उचललंस, तसो उचल." भूमीची रोज क्षमा मागणाऱ्या मला त्यांच्यापाशी मात्र तो शब्द अखेरपर्यंत उच्चारता आला नाही.

काल मालमोटार हलली, नातवाने गाडी पुढे घेतली. माझा डावा पाय रिकाम्या जागेवर घट्ट दाबलेला होता. मी तो अगदी सावकाश उचलला; जणू मागच्या आसनावर काका अजून आडवे होते.