हे कोण म्हणतंय?

त्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर मंडळीचे पंच दानियलराव यांनी माईकवर ठराव वाचला. मार्थाबाईंनी पाळकसाहेबांविरुद्ध निनावी पत्र लिहिलं, म्हणून त्यांना प्रभुभोजनातून, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाच्या विधीतून, वगळण्यात येत आहे आणि त्यांचा गुरुवारचा शास्त्राभ्यास बंद करण्यात येत आहे. मग बाईंना पश्चात्तापाची बुद्धी मिळावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली. मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो. बाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या.

बाई आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दानियल आणि मी त्यांच्या एकाच वर्गात होतो. शाळा सुटली तरी आम्ही पुष्कळजण पुढे गुरुवारी दुपारी त्यांच्या ओसरीतल्या सतरंजीवर बसत राहिलो. तिथे त्या आम्हाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायच्या. शिकवताना भाषा पुस्तकी असायची. चिडल्या की मात्र गावच्या बोलीत यायच्या, आणि त्या बऱ्याचदा चिडायच्या.

त्यातल्या ईयोबाच्या पुस्तकावर त्यांनी आम्हाला दोन वर्षं काढायला लावली. काही चूक नसताना ज्याचं सगळं गेलं, तो ईयोब. त्याचे तीन मित्र समाचाराला आले, सात दिवस त्याच्याजवळ न बोलता बसले. "इथपर्यंत शहाणे होते," बाई म्हणायच्या, "आठव्या दिवशी तोंड उघडलं अन् वाटोळं झालं." तुझंच काहीतरी पाप असणार, असं ते मित्र गोड शब्दांत सांगत राहतात. शेवटी देव त्या मित्रांना चुकीचे ठरवतो. पण त्यांची वाक्यं इतकी सुरेख आहेत की लोक ती चौकटीत घालून भिंतीवर लावतात. म्हणून कोणतंही वचन वाचलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "हे कोण म्हणतंय?"

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सूर्योदयाच्या चित्रावर वचन टाकलं की खाली बाईंचं उत्तर यायचं, "कोण म्हणतंय?" लोक हसायचे. पाळकसाहेबांनी सभागृहाच्या भिंतीवर एक वचन रंगवून घेतलं, तेव्हा बाई उद्घाटनालाच म्हणाल्या, "साहेब, हे ईयोबाच्या मित्राचं वाक्य आहे. देवानं त्याला नापास केलंय." साहेबही हसले. भिंत पुन्हा रंगवली गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी ते पत्र चर्चच्या वरच्या कचेरीत पोचलं. पाळकसाहेब दारू पितात, एवढाच त्याचा मजकूर होता आणि खाली सही नव्हती. साहेबांची बदली झाली. मजकूर खरा होता की खोटा, हे कुणी विचारलं नाही. कुणी लिहिलं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

पत्राची झेरॉक्स पंचांच्या बैठकीत आली. अक्षर बाईंचं होतं, यात शंका नव्हती. आधी अक्षरं आणि मग पट्टीसारखी सरळ ओढलेली शिरोरेषा. पण ते अक्षर दानियलचंही होतं, माझंही होतं, निम्म्या मंडळीचं होतं. बाईंनी हात धरून ते आम्हाला गिरवायला लावलं होतं. मी मंडळीचा चिटणीस. ठराव वहीत लिहिताना शेजारी ती झेरॉक्स होती आणि दोन्हींतलं अक्षर सारखं दिसत होतं. मी ते पाहिलं आणि ठराव लिहून पूर्ण केला.

त्या आठवड्यात दानियल, आणखी एक पंच आणि मी बाईंना समजवायला गेलो. त्यांनी दारातच आम्हाला मोजलं.

"तिघंच आलात? बरोबर हाय. सात दिवस गप बसनार असाल तर चहा टाकते."

दानियल म्हणाला, "बाई, माफी मागून टाका. एक ओळ लिहून द्या, विषय संपेल."

"कशाची माफी?"

"आता आपण सगळेच पापी आहोत, बाई."

"व्हय. माजी पापं मला म्हाईत हायत अन् देवाला म्हाईत हायत. ती लई हायत. पन तुमच्या सोयीचं पाप मी करनार न्हाई, दान्या."

चहा त्यांनी दिला. निघताना मला थांबवून म्हणाल्या, "विजू, परवा आमेनमध्ये तुझा आवाज ऐकला मी. लहानपणापासून तू सगळ्यांच्या मागून म्हणतोस, म्हणून वेगळा ऐकू येतो." आवाजात राग नव्हता. वही तपासताना चूक दाखवावी, तसं त्यांनी ते दाखवलं.

पुढची तीन वर्षं बाई दर रविवारी आल्या. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट दुसऱ्या बाकावरून थेट चौथ्या बाकाकडे जाई, कारण तिसऱ्यावर आता त्यांच्याशेजारी कुणी बसत नसे. त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत. गुरुवारी दुपारी ओसरीत सतरंजी अंथरलेली असे. तालुक्याच्या वाचनालयात मी नोकरीला होतो, आणि गुरुवारी आमची सुट्टी असायची. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं.

मग सॅम्युएल आजारी पडला. तो चर्चमध्ये पेटी वाजवायचा, तोही बाईंचाच विद्यार्थी. नगरच्या दवाखान्यात त्याने नव्या पाळकांना सांगितलं की पत्र त्याने लिहिलं होतं. पंचांची बैठक झाली. आजारी माणसाची बदनामी नको, मंडळीत पुन्हा फूट नको, असं ठरलं. ही बैठक वहीत घेऊ नको, असं मला सांगण्यात आलं. मी घेतली नाही.

दानियल डझनभर केळी घेऊन बाईंकडे गेला. मी सोबत होतो.

"बाई, ते पत्र तुमचं नव्हतं असं कळलं. देवाची स्तुती असो. यापुढं प्रभुभोजन घ्या."

"कुनाला कळलं?"

"आम्हाला. पंचांना."

"मंडळीला सांगितलं?"

"झालं गेलं, बाई. आता कशाला उकरायचं? तुम्ही तर ईयोब शिकवलात आम्हाला. सोसायचं असतं."

"ईयोब सोसत न्हवता, दान्या. भांडत हुता. पुस्तकभर भांडत हुता. माईकवर गेलेलं नाव तू केळ्याच्या पिशवीत घालून आनलंस व्हय? घेऊन जा ती."

तो पिशवी उचलून बाहेर पडला. बाई माझ्याकडे वळल्या. "ठराव तू लिहिलास ना? मग त्याच्याखाली लिही, हे खोटं होतं."

"बैठकीची परवानगी लागेल, बाई."

त्या हसल्या. "अन् ठराव लिहायच्या आधी मला एकदा विचारायचं, त्याला कुनाची परवानगी लागत हुती?"

मग खुर्चीत बसल्या आणि पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "शेवटी देव त्या मित्रांना ईयोबाकडे पाठवतो. त्याने तुमच्यासाठी प्रार्थना केली तर मी ऐकेन, म्हणतो. म्हणजे त्यांना त्याच्या दारात जावं लागलं. तू आलास. पण केळी घेऊन आलेल्या माणसाच्या मागून आलास." मी पुन्हा एकटा येईन म्हणालो. त्या म्हणाल्या, "ये. मी आहे."

मी गेलो नाही. बैठकीत विषय मांडायचा आणि मग बाईंकडे जायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तीन बैठका झाल्या, मी विषय मांडला नाही. चौथीच्या आधी बाई गेल्या. सकाळी दूधवाल्याने हाक मारली आणि दार उघडलं नाही. बाईंनी शेवटपर्यंत प्रभुभोजन घेतलं नव्हतं. ज्या जागी वगळलं त्याच जागी बोलवा, असं त्यांनी पाळकांना कळवलं होतं.

दफनविधीला मोठी गर्दी होती. दानियलराव माईकवर म्हणाले, "आमच्या बाई ईयोबासारख्या सहनशील होत्या." माझ्या मागे कुणीतरी हुंदका दिला. हे कोण म्हणतंय, असं विचारणारं माणूस शवपेटीत होतं. मग प्रार्थना झाली आणि सगळे आमेन म्हणाले. मी म्हणालो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी ठराव रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला. तो पुढच्या बैठकीवर ठेवला आहे, आणि दर वेळी पुढच्या बैठकीवरच ठेवला जातो. वही माझ्याकडे आहे. ठराव माझ्या अक्षरात, म्हणजे बाईंच्या अक्षरात आहे. त्याच्याखाली चार ओळींची जागा आहे. तिथे अजून काही लिहिलेलं नाही.