त्या गल्लीत दगड पडले नव्हते

एटापल्लीहून मी निघालो त्या सकाळी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली ती माझा धाकटा भाऊ शालिक याने. ट्रम्पेट मी मांडीवर घेतला होता. वडील खिडकीशी आले आणि एवढेच म्हणाले, "जाऊन राह्यला तं जाय. पण हाकललं म्हणून कोणाले सांगू नोको." हे प्रारंभीच नोंदवतो, कारण माझ्या निघण्याच्या ज्या हकिकती सध्या पुण्यापर्यंत फिरत आहेत, त्यांत ही सकाळ कुठेच नाही.

माझे चिरंजीव प्रत्येक समारंभात सांगतात की बाबांनी आमच्या शिक्षणासाठी गाव सोडले. मी गाव सोडले तेव्हा माझे लग्नही ठरलेले नव्हते. पण त्यांच्या हकिकतीने कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून मी गप्प बसतो. नातीच्या हकिकतीवर मात्र गप्प बसणे शक्य नव्हते, कारण ती रेकॉर्ड होणार होती.

मित्रा हे त्या नातीचे नाव; ती पुण्यात एका बँडची गायिका आहे. या प्रकाराला स्का पंक म्हणतात. गिटार उचक्या दिल्यासारखी वाजते, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन मागून धावत येतात. मी प्रथम ऐकले तेव्हा म्हणालो, हा तर आपलाच वरातीचा बँड आहे, फक्त नवरदेवाला उशीर झालेला दिसतो. ती हसली. तिचा नवा अल्बम संपूर्णपणे आमच्या घराण्याविषयी होता. तिच्या एका सहकाऱ्याने तर आमच्या गावाजवळची सूरजागडची लोहखाणही माझ्या स्थलांतराला जोडली होती. मी निघालो तेव्हा त्या डोंगराला एकही ट्रक लागला नव्हता. खाणीवर गाणे अवश्य करा, त्यात मला घालू नका, असे मी त्याला सांगितले. गाण्यातून खाण गेली. दगड राहिले.

गाण्यात आमच्या वरातीवर दगडांचा वर्षाव होतो, माझा ट्रम्पेट चेपतो, आणि सगळे मिळून ओरडतात: हाकललं, आम्हाला हाकललं. मी आक्षेप घेतला तेव्हा मित्रा म्हणाली, "आबा, यातलं काहीच मी बनवलेलं नाही. आपल्याच घरातून आलंय."

घडले ते असे. गावी मी आणि शालिक वरातीच्या बँडमध्ये वाजवत असू. ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरासमोर बँड वाजवणे थांबवतो, निमूट पुढे जातो आणि वळण ओलांडल्यावर पुन्हा सुरू होतो. ही आमच्याकडची रीत, आणि ती मला मान्य आहे. वरातीच्या वाटेवरच्या गल्लीतल्या एका मोठ्या घराने मात्र तिचा वेगळाच उपयोग शोधला होता. आमची, म्हणजे बौद्धांची, वरात आली की त्यांचा माणूस दारात येऊन हात वर करी. आत कोणीतरी अत्यवस्थ आहे म्हणे. त्या घरातले आजारपण आमच्या लग्नतिथी पाहून येत असे, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण ओट्यावर पान खाताना दिसे. त्या दिवशी हात वर झाला आणि मी वाजवतच राहिलो. कोणी अंगावर आले नाही. कोणी दगड मारला नाही. माझ्या मागचा ढोल थांबला. ढोल शालिकचा होता. ढोल थांबल्यावर बाकीचे थांबले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत मी एकटा वाजवत गेलो. त्या घराने मला हाकलले नाही. त्या ढोलापुढे मला पुन्हा उभे राहायचे नव्हते, म्हणून मी गेलो.

ऊर्जानगरात, वीजकेंद्राच्या वसाहतीत, मला कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या पट्ट्यावर काम मिळाले. शिफ्ट, क्वार्टर, कंपनीची बस, वाळत घातलेल्या सदऱ्यावर बसणारी काळी पूड: हे सर्व मी निवडलेले होते. जयंतीच्या मिरवणुकीत तिथे मी मनसोक्त वाजवले, कोणाचा हात वर झाला नाही. तरी ढोल माझ्या मागे जरा मंदावला की माझी मान वळे. तो ढोल शालिकचा नसे.

मग दगड आले कुठून? मित्राने सांगितले, एटापल्लीला जाऊन तिने शालिकआजोबांना बोलते केले होते. मी त्याला फोन लावला. बराच वेळ तो रानातल्या पावसापाण्याचे बोलला. मी दगडांचे विचारले.

"दगडं नाई पडले, हे मलेबी मालूम हाय, भाऊ," तो म्हणाला. "पण मंग मी काऊन थांबलो, हे पोरीले काय सांगू?"

मी फोन ठेवला आणि जे आजवर कोणाला सांगितले नव्हते ते मित्राला सांगितले. तिने गाणे पुन्हा लिहिले. हाकलल्याची ओळ गेली, दगड गेले. मधोमध ढोल थांबतो आणि एकटा ट्रम्पेट पुढे जातो, अशी रचना झाली. माझे दात गेले आहेत, म्हणून ट्रम्पेट तिच्या बँडमधल्या मुलाने वाजवला. ढोलासाठी मात्र ती शालिककडे गेली. कुठे थांबायचे ते तिने त्याला नीट समजावले. त्याने मान डोलावली, वाजवायला लागला, आणि ती जागा आली तेव्हा थांबलाच नाही. तिने पुन्हा सांगितले. तो पुन्हा थांबला नाही. शेवटी तिने ते तसेच ठेवले. अल्बममध्ये ढोल गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. नातेवाईक म्हणतात, दोघा भावांचा समेट झाला. मी त्यांना सांगतो की ही आणखी एक खोटी हकिकत आहे. खोलीत, माइकसमोर, दारात कोणी उभे नसताना वाजवणे सोपे असते. मित्राला हे आवडले नाही. तिने माझ्याशी काही दिवस बोलणे टाकले.

शालिकचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "आइकलं का, भाऊ?"

"ऐकलं," मी म्हणालो. "तू थांबला होतास."

मग तो म्हणाला, "थांबलो होतो. तुले लिहाचं असन तं लिही."

म्हणून लिहिले. गावी राहिलेल्यांनी वाचावे आणि निघालेल्यांनीही. मी त्याला क्षमा केलेली नाही, आणि त्याने ती मागितलेलीही नाही. परवा सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांनी माझे गाव विचारले. निवृत्तीनंतरही मी ऊर्जानगर सांगत आलो होतो. त्या दिवशी एटापल्ली म्हणालो. ते कुठे आले, असे त्यांनी विचारले, आणि मी खुर्ची ओढून बसलो.