भिंतभर नकाशा

परवा अंगणवाडीवरून जाताना सुकडीचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातली आटपाडीकडची एक शाळा डोळ्यांपुढं उभी राहिली. बी.एड.चा सराव पाठ होता, तो नीट झाला तरच मास्तरकी मिळणार होती. घरातला पहिला पदवीधर मी, इस्त्रीचा सदरा घालून नद्या शिकवत होतो आणि पोरं खिडकीबाहेर दुष्काळी वाटपाच्या सुकडीच्या पातेल्याकडं बघत होती. कृष्णा कुठं उगम पावते असं विचारलं, तर पुढं बसलेली पोरगी म्हणाली, “गुर्जी, सुकडी कवा देनार?” पाठ संपल्यावर रिवाजाप्रमाणं निरीक्षक सरांनी मला लिंबाखाली उभं केलं. “पाठ कुठं फसला ते तुम्हीच सांगा. पुन्हा घेतलात तर काय बदलाल?” मी म्हणालो, “सर, पोरं उपाशी हाईत.” ते हळूच म्हणाले, “ते मलाही दिसतंय हो. तुमच्या हातातलं सांगा.” माझ्या हातात नुसता खडू होता. शेवटी म्हणालो, “नकाशा लहान पडला.” त्यांनी मान डोलावली. चांगला भिंतभर नकाशा होता तो. पुढं पाठ तपासायला जाऊ लागल्यावर नव्या मास्तरांना मीही जन्मभर हाच प्रश्न विचारत आलो, आणि कुणी खरं उत्तर दिलं की मलाही म्हणावं लागलं, “ते दिसतंय मला. तुमच्या हातातलं सांगा.”