आईनं वरून पाहिलं ते

आमची आई एकदा मेली होती. हे मी नटवून सांगत नाही. अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात तिचं हृदय थांबलं, डॉक्टरांनी छाती दाबून दाबून ते पुन्हा सुरू केलं, आणि मधल्या वेळात ती, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, खोलीतल्या पंख्याजवळ होती. तिथून तिनं खाली पडलेलं आपलंच शरीर पाहिलं, तिच्यावर वाकलेला घामाघूम तरुण डॉक्टर पाहिला आणि दाराशी उभा असलेला माझा थोरला भाऊ पाहिला. भाऊ डॉक्टरांना म्हणाला, “आता पुरे करा.”

मी अमरावतीला असते. भावानं मला फोन केला तो सगळ्यांच्या शेवटी. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मामा तेल्हाऱ्याहून येऊन व्हरांड्यात बसलाही होता, मांडीवर एक पिशवी घट्ट धरून. पिशवीत नवं लुगडं होतं. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. त्याला निरोप मिळाला होता बहिणीच्या मौतीचा, आणि इथं येऊन पाहतो तर बहिणीचा श्वास चालू. बिचारा रडावं की हसावं या विचारात तसाच बसून होता.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. मामा आधी आत गेला. पिशवी बाकावर ठेवायला त्याचं मन धजेना म्हणून ती घेऊनच गेला. आईनं विचारलं, “पिशवीत काय हाय रे?”

“काई नाही. तुले लुगडं आनलं.”

“दिवाई तं कवाच झाली,” आई म्हणाली.

मामा बाहेर आला, मी आत गेले, आणि तेव्हा आईनं मला पंखा, डॉक्टर, दार आणि भावाचं ते वाक्य सांगितलं. अगदी शांतपणे, शेजारणीकडचं काहीतरी सांगावं तसं. माझ्याच अंगाची आग झाली.

दवाखान्यातून ती भावाच्या घरी गेली, कारण बाबा गेल्यापासून ती तिथंच राहते. तिथं बायकांची रीघ लागली. कुणाला आपला नवरा वर दिसला का ते हवं होतं, कुणाला सासू. आई सगळ्यांना एकच सांगे, “मले कोनी दिसलं नाही बाप्पा. पंखा होता, अन् त्याच्यावर धूळ.” बायका हिरमुसून चहा पिऊन जात. भावाला या सगळ्याचं कौतुकच होतं. आपल्या घरात असं काही घडलं, हे तो ऑफिसातही सांगे. फक्त आईची गोष्ट दारापाशी आली की तो उठून चहाचं विचारायचा. मी हे दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, “तिनं काय ऐकलं तेही सांगू दे की.” तो म्हणाला, “औषधाचा अंमल होता तिले. कायचं ऐकलं?”

अमरावतीत आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, पदार्थविज्ञानाचे. मेल्यासारखं होऊन परत आलेल्या माणसांच्या हकिगती ते तपासतात. खऱ्या निघतात का, हे पाहण्याचा त्यांना नाद आहे. मी त्यांना अकोल्याला घेऊन गेले. आत्मा शरीराबाहेर जातो की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला भावाला पकडायचं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ज्या मुलाच्या घरी म्हातारी आई झोपते, त्यानं ‘पुरे करा’ म्हटलं होतं की नाही, एवढंच मला हवं होतं.

सर माणूस सज्जन. त्यांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि प्रत्येकाला वेगवेगळं बसवलं. आईची पाळी आली तेव्हा तिला ऐकायला कमी येतं म्हणून मला सोबत बसू दिलं. त्यांनी तिला फार प्रेमानं समजावलं, “आजी, पंख्यावर धूळ असते हे कुणीही सांगेल. डॉक्टर छाती दाबतात हे टीव्हीवर दिसतं. दाराशी उभा असलेला माणूस ‘पुरे करा’ म्हणाला असेल, हाही अंदाज करता येतो. मला असं काहीतरी हवं, जे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, अंदाजानं सुचणार नाही आणि बोलणाऱ्यालाच माहीत आहे. तसं एक जरी सांगितलंत आणि ते जुळलं, तर तुमचं म्हणणं मला मानावंच लागेल. आणखी काही बोलले का ते?”

आईनं पदर सारखा केला. आत स्वयंपाकघरात भावजय भांडी आवाज न करता लावत होती, म्हणजे कान इकडेच होते. आई म्हणाली, “नाही. तेवढंच.”

मग सरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. ते म्हणाले, तो डॉक्टर नोकरी सोडून गेला, फोनवर त्याला काही आठवलं नाही, आणि दाराशी दुसरं कुणी नव्हतं. भाऊ म्हणतो मी तसं बोललोच नाही. एवढं ऐकून भावाला जोर आला. तो पुढे सरकून बसला.

“सर, मी सांगतो काय झालं ते. मामा लुगडं घेऊन आला. आईनं ते पाह्यलं अन् मनानंच सारं जुळवलं. पोरानं आपली आशा सोडली, असं तिले वाटलं. मी मामाले फोन केला नसता तं हे काईच झालं नसतं.”

“फोन कधी केला होता?” मी विचारलं.

“डॉक्टर दाबूनच राहिले होते तवा. तेल्हाऱ्याहून या लागते, वेळ लागते ना.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं, की नाही कळलं, कोण जाणे. मला मात्र कळलं. तिकडे आईची छाती दाबत होते आणि हा इकडे तिच्या शेवटच्या लुगड्याची सोय लावत होता. मला वाटलं, आता सर काहीतरी बोलतील. सर बोलले. म्हणाले, “हे पटण्यासारखं आहे. आजींनी आधी लुगडं पाहिलं, मग हकिगत सांगितली. म्हणजे शरीराबाहेर जाण्याची गरजच उरत नाही.” त्यांचा चेहरा गणित सुटल्यासारखा खुलला होता. भावाचाही खुलला. एवढ्या शिकलेल्या माणसांत माझा राग कुठेच बसत नव्हता.

“भास असन माहा,” आई म्हणाली. “तसंच लिहा.”

भावजयीनं पोहे आणले. सरांनी ते कौतुकानं खाल्ले आणि संध्याकाळच्या बसनं अमरावतीला गेले. मी राहिले.

सकाळी निघण्याआधी मी ओसरीत आईची वेणी घालत होते. म्हटलं, “माझ्याकडे चल. कायमची.” लेकीच्या घरी किती दिवस, हा तिचा नेहमीचा प्रश्न तिनं या वेळी विचारला नाही, म्हणून मला थोडी आशा वाटली. केस इतके विरळ झाले होते की फणीत काही यायचंच नाही.

“सराले मी एक सांगतलं नाही,” ती हळूच म्हणाली. “तो आखीन एक बोलला होता.”

“काय?”

“ते त्याच्याशिवाय कोनालेच मालूम नाही. माह्या तोंडून आयकलं असतं तं त्याच्या तोंडचं पानी पयालं असतं. सराले मानाच लागलं असतं मंग.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“खरं निघालं असतं,” ती म्हणाली. “मले याच घरात राहा लागते, माय.”

आतून भावानं तिला गोळी घ्यायला हाक मारली. “आली रे,” म्हणत ती माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठली.